ग्रिनेल की बोस्टन? मुलीच्या दोन ऑफर हातात असताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीनं सांगलीतून नुकतीच बारावी सायन्सची परीक्षा दिली. जीवशास्त्र आवडतं, अर्थशास्त्रही खुणावतं, नक्की काहीच ठरलेलं नाही. अमेरिकेत दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय, आयोवातलं ग्रिनेल कॉलेज आणि बोस्टन युनिव्हर्सिटी. ग्रिनेलनं भरपूर आर्थिक मदत देऊ केली आहे, बोस्टननं थोडी. नातेवाईक म्हणतात, बोस्टन सोडून पोरीला मक्याच्या शेतात कशाला धाडता? आणि शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, "ती हुशार आहे, पण वर्गात हात वर करणाऱ्यांतली नाही."

माझ्या दृष्टीनं तुमच्या अख्ख्या पत्रात हे वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं आहे.

मी रसायनशास्त्र शिकवते. आधी एका मोठ्या शहरातल्या मोठ्या विद्यापीठात शिकवलं आणि आता बरीच वर्षं मिडवेस्टमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्य-उत्तर भागातल्या, एका छोट्या लिबरल आर्ट्‌स कॉलेजात आहे. अशा कॉलेजात मुख्यतः पदवीचंच शिक्षण असतं, कला आणि विज्ञान दोन्ही मिळून. माझं कॉलेज ग्रिनेल नव्हे, पण त्याच जातकुळीचं आहे. उत्तर आधीच सांगून टाकते: तुम्ही वर्णन केलेल्या मुलीसाठी आणि तुम्ही मांडलेल्या पैशांच्या हिशेबात मी ग्रिनेल निवडेन. हे उत्तर सगळ्या मुलांना लागू पडत नाही. म्हणून त्यामागची कारणं नीट सांगते. ती तुमच्या मुलीला पटली नाहीत, तर तिनं खुशाल बोस्टनला जावं.

ग्रिनेल 1846 सालचं कॉलेज आहे. विद्यार्थी सुमारे 1,700, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या हायस्कूलपेक्षाही कमी. साधारण नऊ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. बोस्टन युनिव्हर्सिटीत नुसते पदवीचेच विद्यार्थी 18,000 च्या आसपास आहेत आणि त्यांच्याशिवाय मास्टर्स, पीएचडी, वैद्यकीय, कायद्याचे वेगळे. पण नुसत्या आकड्यांवर जाऊ नका. खरा फरक असा की ग्रिनेलमध्ये पदव्युत्तर विद्यार्थीच नाहीत. तिथल्या प्राध्यापकाचा सगळा वेळ आणि सगळी उपकरणं पदवीच्याच मुलांसाठी असतात, आणि संशोधनासाठी लागणारी माणसंही त्यांच्यातूनच येतात. भौतिकशास्त्र, रसायन, जीवशास्त्र, संगणक, अर्थशास्त्र, सगळं तिथे पूर्ण चार वर्षांचं शिकवलं जातं. हे मुद्दाम सांगते, कारण "लिबरल आर्ट्‌स म्हणजे सायन्स नाही" असं आपल्याकडे अजूनही अनेक पालक धरून चालतात.

पहिल्या वर्षाच्या रसायनाचंच घ्या. मोठ्या विद्यापीठात हा वर्ग दोनशे-तीनशे जणांचा असतो. प्राध्यापक स्टेजवर, मुलं अंधाऱ्या सभागृहात. आठवड्यातून एकदा प्रयोगशाळा, आणि तिथे उभा असतो टीए, म्हणजे पीएचडीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. तो बिचारा स्वतःच नवा असतो आणि त्याचं लक्ष स्वतःच्या संशोधनाकडे असतं. टायट्रेशनमध्ये, म्हणजे ब्युरेटच्या नळीतून थेंबाथेंबानं द्रावण सोडण्याच्या प्रयोगात, थेंब जास्त पडून फ्लास्क गडद गुलाबी झाला, की तो "पुन्हा कर" म्हणून पुढच्या बाकाकडे जातो. छोट्या कॉलेजात त्या बाकाशेजारी मी स्वतः उभी असते. ब्युरेटची तोटी कुठे जास्त उघडी राहिली ते मला दिसतं. दुसऱ्या दिवशी वर्गात तीच मुलगी समोर बसलेली असते, आणि कालच्या चुकीचं गणित मी तिच्याकडूनच फळ्यावर सोडवून घेऊ शकते. हात वर न करणाऱ्या मुलीला असं हलकेच पुढे आणायचं, तर तिचं नाव आणि तिची चूक दोन्ही ठाऊक असावी लागतात. तीनशेच्या वर्गात हे कुठल्याही शिक्षकाला जमत नाही. मलाही जमत नव्हतं.

आता एनएमआर घ्या. रेणूची रचना ओळखण्याचं हे महागडं यंत्र. मोठ्या विद्यापीठात ते उत्तम, शक्तिशाली आणि एकाहून अधिक असतात. पण रांगेत पीएचडीवाले आणि पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे संशोधक, पुढे. पदवीच्या मुलानं नमुना द्यायचा, आलेखाचा कागद परत घ्यायचा. आमच्याकडे यंत्र साधं आहे, पण दुसऱ्या वर्षाची मुलं ते स्वतः चालवतात, बिघडलं की सुरू कसं करायचं तेही शिकतात. टॉमस चेक हे ग्रिनेलचे माजी विद्यार्थी, 1989 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. छोट्या कॉलेजांतल्या विज्ञानशिक्षणावर त्यांनी 1999 साली आवर्जून लेख लिहिला होता. दरडोई हिशेब केला तर पुढे पीएचडी करणाऱ्यांत ग्रिनेल, कार्लटन, स्वार्थमोर, रीड या छोट्या कॉलेजांची मुलं अनेक नामवंत विद्यापीठांच्या पुढे असतात. त्याचं कारण मला तरी हेच दिसतं, की तिथे विशीच्या आतच मुलांच्या हाती यंत्र येतं.

दुसरी गोष्ट शिफारसपत्राची. पालकांना ही फार उशिरा कळते. पुढे मास्टर्स, पीएचडी, चांगली शिष्यवृत्ती, काही हवं असलं की दोन-तीन प्राध्यापकांची पत्रं लागतात. मोठ्या विद्यापीठात असताना माझ्याकडे तिसऱ्या वर्षाची मुलं यायची, "मॅडम, तुमच्या कोर्समध्ये मला ए होता." गुणपत्रक काढून बघावं तर खरंच ए. पण चेहरा आठवत नसे. अशा मुलाबद्दल मी काय लिहिणार? वर्गात वरच्या दहा टक्क्यांत होता, वेळेवर काम देत असे. निवड समितीत बसणाऱ्या माणसाला असली पत्रं रोज दिसतात, तो पहिल्या ओळीनंतर वाचतही नाही. आता मी लिहिते तेव्हा दोन पानं सहज भरतात. एका उन्हाळ्यात तिचा प्रयोग तीनदा फसला, चौथ्यांदा तिनं द्रावकच बदलून पाहिला, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून मुलीला एकच प्रश्न विचारून बघा: दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला या कॉलेजात तुला नीट ओळखणारी दोन मोठी माणसं कोण असतील, आणि ती तुला कशी भेटतील? ग्रिनेलच्या बाबतीत याचं उत्तर व्यवस्थेतच आहे. तिथे पहिल्या सत्रात सगळ्यांना 'फर्स्ट-इयर ट्युटोरियल' नावाचा छोटा वर्ग घ्यावाच लागतो, आणि तो घेणारा प्राध्यापकच मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, ठरेपर्यंत मुलाचा सल्लागार असतो. याखेरीज सगळ्या कॉलेजला बंधनकारक असा एकही कोर्स नाही. जीवशास्त्र की अर्थशास्त्र असा घोळ असलेल्या मुलीला ही मोकळीक मोलाची, पण ती निभते ती सल्लागार जवळचा असेल तरच.

ओळख असण्यानं काय होतं, याचा ग्रिनेलचाच एक किस्सा आहे. रॉबर्ट नॉइस, ज्यांनी पुढे 1968 साली इंटेल कंपनीची स्थापना गॉर्डन मूर यांच्यासोबत केली, ते इथले विद्यार्थी. 1948 साली वसतिगृहाच्या पार्टीसाठी त्यांनी जवळच्या शेतातून डुक्कर चोरलं. आयोवासारख्या शेतीच्या राज्यात हा गंभीर गुन्हा. कॉलेजातून कायमचं काढण्यापर्यंत गोष्ट गेली होती. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ग्रँट गेल आणि कॉलेजचे अध्यक्ष मध्ये पडले आणि एका सत्राच्या निलंबनावर भागलं. याच गेल यांनी बेल लॅब्जमध्ये नुकत्याच शोधल्या गेलेल्या ट्रान्झिस्टरची ओळख नॉइसना वर्गातच करून दिली, जगातल्या बहुतेक विद्यापीठांत तो विषय पोहोचायच्या आधी. गेल यांना तो मुलगा आतून-बाहेरून ठाऊक नसता, तर ते त्याच्यासाठी मध्ये पडले असते का?

आता दुसरी बाजू. ती कमी नाही.

मोठं शहरी विद्यापीठ कुणासाठी, याचं आपल्या ओळखीचं सगळ्यांत मोठं उदाहरण म्हणजे बाबासाहेब. 1913 साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पदवीला लागतील त्याहून कितीतरी जास्त विषय त्यांनी घेतले: अर्थशास्त्र तर होतंच, शिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई, अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन यांच्यासारखे शिक्षक मिळाले. हे सगळं एका ठिकाणी असणं फक्त मोठ्या विद्यापीठातच शक्य होतं, आणि त्यातलं काय उचलायचं हे त्या विद्यार्थ्याला पक्कं माहीत होतं. पण ते एल्फिन्स्टनची पदवी घेऊन गेले होते, बाविशीत होते. अठराव्या वर्षी घरातून पहिल्यांदाच बाहेर पडणाऱ्या मुलीचं तसं असेलच असं नाही.

बोस्टन युनिव्हर्सिटी ही अशीच भरलेली जागा आहे. कॉमनवेल्थ ॲव्हेन्यूवर विद्यापीठ लांबच लांब पसरलंय, मधून ग्रीन लाइनची ट्राम धावते, पाठीमागे चार्ल्स नदी. नदीपलीकडे केंब्रिजमध्ये केंडल स्क्वेअर, जिथे जैवतंत्रज्ञान कंपन्यांची दाटी आहे. शहरात जगातली नावाजलेली रुग्णालयं. पदवीच्या मुलांना संशोधनासाठी पैसे देणारी 'युरॉप' नावाची योजना विद्यापीठात आहे. पण या योजनेत शिरायचं तर आधी मुलानंच प्राध्यापकाला मेल करायचा, उत्तर नाही आलं तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, आणि मग एखाद्या प्रयोगशाळेच्या दारात जाऊन उभं राहायचं. माझ्या जुन्या विद्यापीठातही हे असंच होतं. जी मुलं जाऊन विचारत, त्यांना छोट्या कॉलेजात स्वप्नातही मिळणार नाही असं काम मिळे. जी विचारत नसत, ती चार वर्षं चांगले गुण मिळवून बाहेर पडत आणि कुणाच्या लक्षातही येत नसत. तुमची मुलगी पहिल्या गटातली असती, तिला आत्ताच संगणक किंवा बायोमेडिकल इंजिनिअरिंग करायचंय हे पक्कं असतं, शहरात एकटीनं फिरायची आवड असती, तर मी तुम्हाला बोस्टनकडे ढकललं असतं.

छोट्या कॉलेजाच्या अडचणीही स्पष्ट सांगते, कारण प्रवेश कार्यालयातली माणसं त्या सांगत नाहीत. खात्यात प्राध्यापक मोजके. वरच्या वर्गाचे काही कोर्स एक वर्षाआड होतात, आणि तो शिकवणारा एकटाच माणूस सबॅटिकलवर, म्हणजे संशोधनाच्या लांब रजेवर, गेला तर दोन वर्षं वाट बघावी लागते. एखाद्या शिक्षकाशी पटलं नाही तर त्याला टाळायला जागा नसते. सगळ्यांना सगळं कळतं: कुणाचं कुणाशी बिनसलं, कोण नापास झालं. काही मुलांना तिसऱ्या वर्षी याचा जीव नको होतो. त्यासाठीच बहुतेक जण त्या वर्षी एक सत्र परदेशी किंवा दुसऱ्या शहरात काढतात. आणि भारतात परत आल्यावर "हे कुठलं कॉलेज?" हा प्रश्न आयुष्यभर येत राहील, त्याची तयारी ठेवा. अमेरिकेतल्या पीएचडी प्रवेशाच्या समित्यांना ग्रिनेल पक्कं ठाऊक आहे. पुण्यातल्या एखाद्या कंपनीच्या एचआरला ते ठाऊक असेलच असं नाही.

तसं पुण्याचं आणि या कॉलेजांचं नातं जुनं आहे. मिडवेस्टमधल्या अशा कॉलेजांचा 'एसीएम' नावाचा संघ आहे, ग्रिनेल त्यातलंच. या संघाचा भारत अभ्यासाचा कार्यक्रम पुण्यात अनेक वर्षं चालला. अमेरिकन मुलंमुली पुण्यातल्या घरांत राहत, मराठी शिकत. तुमच्या ओळखीत कुणाकडे 'एसीएमची मुलं' राहिली असतील तर त्यांना विचारा, या कॉलेजांतून कशी मुलं येतात ते त्यांनी जवळून पाहिलंय. दलित चळवळीच्या अभ्यासक एलिनॉर झेलियट याच संघातल्या मिनेसोटामधल्या कार्लटन कॉलेजात शिकवत. ज्यांचं मराठी संतांवरचं आणि आंबेडकरांवरचं काम आपण आदरानं वाचतो, त्या एका छोट्या गावातल्या छोट्या कॉलेजात पदवीच्या पोरांना इतिहास शिकवत होत्या.

पैशांकडे येते. दोन्हीकडे राहण्या-जेवण्यासह वर्षाचा पूर्ण खर्च 85,000 ते 95,000 डॉलरच्या घरात आहे. म्हणजे छापील किमतीत फरक जवळपास नाही. फरक आहे तो मदतीत. ग्रिनेलची गंगाजळी दोन अब्ज डॉलरच्या वर आहे आणि विद्यार्थी मोजके, म्हणून ते परदेशी मुलांना मोठी मदत देऊ शकतात. ऑफरच्या पत्रात तीन गोष्टी शोधा. मदत चारही वर्षांसाठी आहे का, ती टिकवायला किती जीपीए (सरासरी गुणांक) लागतो, आणि फी वाढली की मदतही वाढते का. ठरावीक डॉलरची मेरिट शिष्यवृत्ती असेल तर फी दरवर्षी वाढते आणि शिष्यवृत्ती तिथेच राहते, चौथ्या वर्षापर्यंत तुमच्या खिशातला हिस्सा बराच फुगतो. ही उत्तरं फोनवर घेऊ नका, मेलवर लेखी घ्या. बोस्टनसाठी घर गहाण टाकून कर्ज काढायचा विचार तुम्ही लिहिलाय. पदवीसाठी, आणि तीही विषय न ठरलेल्या पदवीसाठी, हे करू नका. मास्टर्सला मोठ्या शहरातल्या मोठ्या विद्यापीठात जाण्याची वाट ग्रिनेलमधून अगदी मोकळी आहे.

"बोस्टनमध्ये राहिली तर नोकरी लवकर लागेल" असं तुमच्या दिरांचं म्हणणं. त्यात अर्धं तथ्य आहे. विद्यार्थ्यांच्या एफ-1 व्हिसावर पहिल्या शैक्षणिक वर्षात कॅम्पसबाहेर काम करता येत नाही. कॅम्पसवर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंत चालतं, ते दोन्हीकडे मिळेल. पुढे इंटर्नशिपसाठी सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कामाची परवानगी), आणि पदवीनंतर 12 महिन्यांचं ओपीटी (आपल्या विषयातल्या कामाची परवानगी), विषय स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) असेल तर आणखी 24 महिने. उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपला ग्रिनेलची मुलंही शिकागो, न्यूयॉर्क, बोस्टनला जातात. सत्र चालू असताना आठवड्यातून दोन दुपारी एखाद्या कंपनीत जाणं मात्र शहरातच शक्य, आणि तो बोस्टनचा खरा फायदा आहे. इथे एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट: अर्थशास्त्र स्टेममध्ये धरलं जातं की नाही, हे त्या कॉलेजनं मेजरला कुठला सीआयपी कोड (विषयाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक) लावलाय यावर ठरतं. साध्या अर्थशास्त्राचा कोड 45.0601 स्टेममध्ये नाही, इकॉनॉमेट्रिक्स आणि संख्यात्मक अर्थशास्त्राचा 45.0603 आहे. दोन वर्षांच्या कामाच्या परवान्याचा फरक या शेवटच्या एका आकड्यात आहे. दोन्ही ठिकाणी मेल टाकून विचारा. हे नियम बदलतही असतात, म्हणून दरवर्षी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून खात्री करून घ्या.

आणि बोस्टनची रुग्णालयं बघून कुणाच्या मनात डॉक्टरकी असेल तर ती आत्ताच बाजूला ठेवा. अमेरिकेत एमडी, म्हणजे तिथली डॉक्टरकीची मूळ पदवी, आधी दुसरी पदवी घेतल्यावरच करतात, आणि परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी वैद्यकीय महाविद्यालयं अगदी मोजकी आहेत. डॉक्टरच व्हायचं असेल तर तिनं 'नीट' प्रवेशपरीक्षा देऊन भारतातच शिकावं.

राहण्याबद्दल थोडंसं. ग्रिनेल गावाची वस्ती दहा हजारांच्या आतली. जवळचं मोठं शहर डे मॉइन, गाडीनं तासाभरावर. जानेवारीत तापमान उणे 20 च्या खाली जातं, वारा त्याहून वाईट. पण कॉलेजातली साधारण पाचवा हिस्सा मुलं परदेशी आहेत, आणि एवढ्याशा जागेत ती एकमेकांना पटकन सापडतात. सुट्टीत वसतिगृह उघडं राहतं का, जेवणाचं काय, हे आत्ताच विचारा. डिसेंबरमध्ये परतीचं तिकीट परवडत नाही तेव्हा हा प्रश्न फार टोकाचा होतो.

1 मे ही दोन्हीकडे पक्कं कळवण्याची तारीख असेल, म्हणून हातात वेळ थोडा आहे. या आठवड्यात मुलीनं स्वतः, तुम्ही नव्हे, दोन्ही कॉलेजांचे कोर्स कॅटलॉग उघडावेत आणि जीवशास्त्र व अर्थशास्त्राचे वरच्या वर्षांचे कोर्स गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्षात किती वेळा झाले ते पाहावं. दोन्ही कॉलेजांचा 'कॉमन डेटा सेट', म्हणजे कॉलेजं स्वतः प्रसिद्ध करतात तो आकडेवारीचा तक्ता, इंटरनेटवर शोधावा. त्यातल्या आय-3 मध्ये किती विद्यार्थ्यांचे किती वर्ग आहेत ते मिळेल, एच-6 मध्ये परदेशी मुलांना किती मदत दिली गेली ते. मग तिनं दोन्हीकडच्या जीवशास्त्राच्या एकेका प्राध्यापकाला चार ओळींचा मेल लिहावा: मी अमुक, मला अमुक आवडतं, पहिल्या वर्षाच्या मुलांना तुमच्या प्रयोगशाळेत कधी आणि कसं येता येतं? कुठून काय उत्तर येतं ते बघाच. पण त्याआधी हे बघा, की तो मेल लिहायला तिला किती दिवस लागले. एका संध्याकाळी तिनं दोन्ही मेल पाठवून टाकले आणि तिसऱ्या प्राध्यापकाचं नाव शोधायला लागली, तर मी तिला ओळखण्यात कमी पडले असं समजा आणि बोस्टनची मदत वाढवून मिळते का ते विचारून बघा. तुम्हाला चार वेळा आठवण करावी लागली, तर ग्रिनेलचं डिपॉझिट भरा आणि आय-20 च्या, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या फॉर्मच्या, कागदपत्रांना लागा. बँकेची प्रमाणपत्रं मिळवण्यात वेळ जातो, आणि व्हिसाच्या मुलाखतीच्या तारखा जूनमध्ये भरलेल्या असतात.